ओठांवरचा ‘म’

म्युझिक व्हिडिओच्या संकलनाला बसले की मी सगळ्यांत आधी गाण्यातला ‘म’ शोधते. गोष्टीचा आराखडा, दिग्दर्शकाच्या सूचना, कोणता शॉट सर्वांत देखणा झाला आहे याची यादी, हे सारे नंतर. आधी आवाज बंद करायचा, गाणाऱ्या माणसाचा चेहरा पडद्यावर मोठा करायचा आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत त्याचे ओठ पूर्ण मिटतात ती जागा गाठायची. आपली वर्णमाला ज्यांनी रचली त्यांनी माझ्या कामाची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे, असे मला नेहमी वाटते. ‘क’चा वर्ग कंठात उमटतो, ‘च’चा टाळूवर, ‘ट’चा मूर्धेवर, ‘त’चा दातांशी, हे सारे तोंडाच्या आत घडते आणि कॅमेऱ्याच्या हाती त्यातले फारसे काही लागत नाही. बाहेर दिसतो तो शेवटचा वर्ग, ओठांचा. त्यातही ‘प’ आणि ‘ब’ फुटून निसटतात, ‘म’ मात्र रेंगाळतो. गायक ‘मन’ म्हणतो तेव्हा ओठ तीन-चार फ्रेम मिटलेले राहतात आणि टाइमलाइनवरच्या, म्हणजे संकलनाच्या पडद्यावर चित्र आणि आवाज ओळीने मांडलेल्या पट्टीवरच्या, ध्वनीच्या आलेखात त्याच जागी एक बुटका, सलग पट्टा दिसतो. मिटलेल्या ओठांची पहिली फ्रेम त्या पट्ट्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली की चेहरा गाऊ लागतो.

ज्या ओळीत एकही ओष्ठ्य वर्ण नसतो ती ओळ जुळवायला मला दुप्पट वेळ लागतो. तिथे ‘आ’ संपून ‘ओ’ किंवा ‘ऊ’ सुरू होताना ओठ गोल होतात त्या वळणावर भरवसा ठेवावा लागतो, आणि ते वळण ‘म’सारखे नेमके नसते. एवढ्या बारकाईने हे सगळे करताना कित्येकदा मनात येते, की आपण जे जुळवतो आहोत ते मुळात खरे नाहीच. हा माणूस त्या दिवशी, त्या जागी, त्या उजेडात हे गाणे गायलेला नाही. ते काही आठवड्यांपूर्वी एका बंद खोलीत ध्वनिमुद्रित झाले आहे, आणि मैदानात किंवा गच्चीवर उभा असलेला हा गायक स्वतःच्याच जुन्या आवाजाबरोबर ओठ हलवतो आहे. पाहणाऱ्यालाही हे ठाऊक असते. डोंगराच्या टोकावर उभ्या असलेल्या गायिकेचा आवाज वाऱ्यावाचून, धापेवाचून, कानाशी बोलल्यासारखा कसा येतो, असा प्रश्न कोणी विचारत नाही. एवढे सगळे मान्य करणारा तोच प्रेक्षक ओठ तीन फ्रेम मागे पडले तर मात्र अस्वस्थ होतो. म्युझिक व्हिडिओच्या साऱ्या रूढी या एका करारावर उभ्या आहेत: जागा खोटी चालेल, ऋतू खोटा चालेल, वाद्ये विजेच्या तारेवाचून वाजली तरी चालतील, पण वेळ खरी हवी.

वेळ खरी हवी, कारण ती आपली नसते. कथापटाच्या संकलकाला एखाद्या नजरेवर दोन सेकंद अधिक थांबायचे असेल तर तो थांबतो. दृश्य लांबते आणि त्याच्या मापाचे पार्श्वसंगीत मागाहून रचले जाते. इथे उलटे आहे. गाणे चार मिनिटे दहा सेकंदांचे असेल तर ते तेवढेच राहणार. आधीच पूर्ण झालेल्या, बांधून ठेवलेल्या काळात चित्राला राहायला जायचे असते, आणि तेही भाडेकरूसारखे, भिंती न हलवता. मी हे काम करू लागले तेव्हा मला ही अट जाचक वाटायची. आज वाटते, की या माध्यमात जे जे सुंदर आहे ते सगळे या अटीतूनच आले आहे.

ही अट जुनी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत नाणे टाकून पाहायची ‘पॅनोरम’ नावाची यंत्रे होती आणि त्यांच्यासाठी ‘साउंडीज’ म्हणून ओळखले जाणारे सुमारे तीन मिनिटांचे गाण्यांचे चित्रपट बनत. गाणे आधी मुद्रित करायचे आणि मग त्यावर ओठ हलवत चित्रण करायचे, ही रीत तिथे पक्की झालेली दिसते. यंत्राच्या आत आरशांमधून चित्र पडद्यावर जाई, म्हणून या फिती मुद्दाम उलट्या छापत. त्यामुळे यंत्राबाहेर, साध्या प्रक्षेपकावर त्या पाहिल्या तर वादक डावखुरे दिसतात. पुढे १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रूस गॉवर्स यांनी ‘क्वीन’ या गटाच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे चित्रण सुमारे चार तासांत व्हिडिओ टेपवर उरकले. त्यातला एकच चेहरा मागे मागे विरत जाणारा जो भास आहे तो कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून साधला होता, आणि एका चेहऱ्याचे अनेक चेहरे करण्यासाठी भिंगापुढे पैलूदार काच होती. नंतर कितीतरी वर्षे संगणकावर ताटकळत जे परिणाम करावे लागत, ते तिथे चित्रण चालू असतानाच, आरशात आरसा दाखवावा इतक्या साधेपणाने झाले. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि या प्रकाराला दिवसाचे चोवीस तास मिळाले. पण त्याच वाहिनीने गायक आणि गाण्याच्या नावाखाली दिग्दर्शकाचे नाव दाखवायला १९९२ साल उजाडावे लागले. अकरा वर्षे ही चित्रे निनावी हातांची होती, हे मला आजही सलते.

चित्रणाच्या जागी गाणे वाजवणाऱ्या यंत्राला आमच्यातली जुनी माणसे अजून ‘नाग्रा’च म्हणतात, जरी ते टेपयंत्र जाऊन तिथे लॅपटॉप आलेला असला तरी. गाण्याच्या आधी ठरावीक अंतराने तीन-चार ‘टिक्’ असे ठोके जोडलेले असतात, म्हणजे पहिला शब्द उच्चारायला गायकाचे तोंड वेळेवर उघडते. गाण्याबरोबर टाइमकोड, म्हणजे सेकंद आणि फ्रेम मोजणारे आकडे, धावतो, तो क्लॅपच्या पाटीवर दिसतो, आणि पुढे संकलनात प्रत्येक टेक, म्हणजे चित्रणाची प्रत्येक फेरी, आपल्या जागी जाऊन बसतो. मग तेच गाणे पुन्हा पुन्हा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत: एकदा लांबून, एकदा कमरेपासून वर, एकदा फक्त चेहरा, एकदा बाजूने, एकदा हात. दिवसअखेरीस गायकाने ते गाणे वीस-पंचवीस वेळा गायलेले असते. आणि त्याने ते खरोखर गायलेच पाहिजे. नुसते ओठ हलवणाऱ्याचा गळा हलत नाही, मानेची शीर ताणली जात नाही, वरच्या स्वराला भुवई उचलली जात नाही. क्लोज-अपमध्ये ते तत्काळ उघडे पडते. म्हणून अनुभवी दिग्दर्शक गायकाला मोकळ्या आवाजात गायला लावतात. तो आवाज कोणी वापरणार नसते. तो फक्त गळ्यासाठी असतो.

हातांचे शॉट याहूनही धोक्याचे. गिटारच्या पट्टीवरची बोटे दुसऱ्याच सुरांवर असली तर सामान्य प्रेक्षकाला कळणार नाही, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी ते वाद्य हातात घेतले आहे त्याच्यासाठी तिथेच सगळे संपते. वादकांच्या चेहऱ्यांपेक्षा बोटे जुळवण्यात मी अधिक वेळ घालवते, ते या थोड्या माणसांसाठी.

एका चित्रणाची गोष्ट सांगायला हवी, कारण प्लेबॅक, म्हणजे चित्रणाच्या जागी वाजवलेले गाणे, ही काय चीज आहे हे मला त्या दिवसानंतर कळले. मोकळे, विस्तीर्ण माळरान होते. गायक कॅमेऱ्यापासून दूर चालत जातो आणि चालता चालता पूर्ण कडवे म्हणतो, असा एकच लांब शॉट ठरला होता. ध्वनिक्षेपक कॅमेऱ्याशेजारी ठेवला होता, कारण दूर ठेवला तर तो दिसला असता. त्या दिवशी सगळ्यांना शॉट अप्रतिम वाटला. संकलनात टाइमकोडप्रमाणे तो बसवला, तर कडव्याची पहिली ओळ नेमकी जुळत होती, दुसरी जराशी सैल वाटत होती, आणि शेवटच्या ओळीत ‘म’ यायच्या जागी ओठ उघडेच होते. मी तो शॉट पुढेमागे सरकवत राहिले. शेवट जुळवला की सुरुवात बिघडे. यंत्र बिघडले आहे का, कॅमेऱ्याचा वेग चुकला आहे का, हे तपासण्यात अख्खा दिवस गेला.

चूक यंत्राची नव्हती, हवेची होती. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गायक ध्वनिक्षेपकापासून चाळीस मीटरवर पोहोचला तेव्हा गाणे त्याच्या कानापर्यंत जायलाच सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागाएवढा वेळ लागत होता. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ १४ मीटर चालले की एक फ्रेम मागे. तो अगदी लयीत गात होता. पण त्याच्यापाशी पोहोचलेली लयच शिळी होती. शेवटी त्या शॉटला मी तीन ठिकाणी अदृश्य जोड दिले, गायकाची पाठ किंचित वळलेली असताना, आणि प्रत्येक तुकडा एकेक फ्रेमने पुढे ओढला. आता अशा शॉटला गायकाच्या कानात बारीक इअरफोन बसवा, असे मी आधीच लिहून देते.

या प्रसंगाने आणखी एक गोष्ट लक्षात आली. ओठ मागे पडणे म्हणजे प्रेक्षकाच्या दृष्टीने आवाज आधी आणि हालचाल नंतर. प्रक्षेपणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये अशा तफावतीच्या मर्यादा दिलेल्या आहेत: आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांनाच ते जाणवू लागते, पण आवाज मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जाते. हा फरक मनमानी नाही. लांबवर कोणी कुऱ्हाड चालवतो तेव्हा घाव आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. वीज आधी, गडगडाट नंतर. उशिरा येणाऱ्या आवाजाची माणसाला जन्मापासून सवय आहे. आवाज आधी आणि घाव नंतर, असे मात्र सृष्टीत कधी होत नाही. म्हणून ते पाहिले की कारण न कळताही आतून काहीतरी खटकते. संकलकाचे अर्धे कौशल्य हे असे शरीराने आधीच शिकून ठेवलेल्या गोष्टींचा मान राखण्यात असते.

आणि तरीही या माध्यमातली माझी सर्वांत आवडती युक्ती सृष्टीचा हाच नियम वाकवते. गाणे चालू असताना गायकाचे ओठ बरोबर जुळतात, पण त्याचे केस, पदर, अंगावर पडणारे पाणी, सारे संथ, पाण्याखाली असल्यासारखे हलते, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले असते. यासाठी गाणे वेगाने वाजवतात. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, कॅमेराही सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम टिपेल असा लावायचा, आणि ते चित्र नेहमीच्या २४ च्या गतीने दाखवायचे. दुप्पट घाईने उच्चारलेले शब्द आपल्या मूळ गतीला येतात. बाकीचे जग मात्र कोणी घाईने हलवलेले नसते, म्हणून ते अर्ध्या गतीला उतरते. दुप्पट वेगात जोडाक्षरे जिभेवर बसत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा गाणे सव्वापट किंवा दीडपट वाजवून, ३० किंवा ३६ फ्रेमवर भागवले जाते. चित्रणाच्या जागी हे पाहणे विचित्र असते: चिमण्यांसारख्या आवाजात चिवचिवणारे गाणे, त्याच्यामागे धावणारा, श्वासही न पुरणारा गायक. आणि संध्याकाळी मॉनिटरवर तोच माणूस शांत, धीरगंभीर, जणू त्याच्याभोवतीची हवाच घट्ट झाली आहे.

१९९४ मध्ये दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांनी ‘वीझर’ या गटाचा एक संपूर्ण व्हिडिओ असा वेगवान गाण्यावर आणि एकाच अखंड शॉटमध्ये केला. त्याहून कठीण वाट म्हणजे उलटे गाणे. २००२ मध्ये ‘कोल्डप्ले’ या गटाच्या ‘द सायंटिस्ट’साठी गायक क्रिस मार्टिन यांनी संपूर्ण गाणे उलट्या क्रमाने उच्चारायला शिकून घेतले, आणि त्याला सुमारे महिना लागला. चित्र उलटे फिरवल्यावर त्यांचे ओठ सुलट गातात आणि जग मागे मागे जाते. या युक्त्यांना चमत्कृती म्हणून बाजूला सारणारे लोक मला भेटतात. मला त्या चमत्कृती वाटत नाहीत. गाणे ऐकताना आपल्याला नेमके हेच होत असते: शब्द आपल्या गतीने पुढे जात असतात आणि आपण मात्र दुसऱ्याच कुठल्या काळात, संथ किंवा उलट्या दिशेने, वाहत असतो. एका चौकटीत दोन काळ एकत्र नांदवण्याचे हे साधन मला दुसऱ्या कोणत्याही कलेत इतक्या सहज सापडलेले नाही.

आता कटाविषयी, कारण म्युझिक व्हिडिओ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तोच येतो: ठोक्यागणिक बदलणारे चित्र. हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे आणि सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम. तेच गाणे २५ फ्रेमवर नेले की साडेबारा होतात, आणि अर्धी फ्रेम नावाची वस्तू अस्तित्वात नसल्यामुळे एक तुकडा बाराचा, दुसरा तेराचा करावा लागतो. नवशिक्या संकलकाला वाटते की हा हिशेब पाळला की लय साधली. मीही सुरुवातीला टाइमलाइनवर प्रत्येक ठोक्याला खूण करून तिथे तिथे कट मारत असे. ते चित्र निर्दोष असायचे आणि अर्ध्या मिनिटात कंटाळा आणायचे. टाळी देणारा जसा प्रत्येक मात्रेवर टाळी देत नाही, समेला देतो आणि खालीला हात मोकळा सोडतो, तसे चित्राचेही आहे. सम कुठली हे ओळखायला ठोके मोजून भागत नाही, गाणे ऐकावे लागते. कधी ती ढोलकीवर नसतेच. गायिकेने एका शब्दापूर्वी घेतलेल्या थबकण्यात असते.

शिवाय कट ठोक्यावर असावा की त्याच्या जरा आधी, हाही प्रश्न आहेच. माझे मत असे झाले आहे की कट दोन-तीन फ्रेम आधी असावा आणि चित्राच्या आतली क्रिया ठोक्यावर यावी. नवे चित्र समोर आले की डोळ्याला आपली जागा शोधायला क्षणभर लागतो. तेवढ्यात टिपरी पडते, पाय आपटतो, मान वळते. कान आणि डोळा तिथे एकत्र भेटतात. कटच ठोक्यावर ठेवला तर ठोका कानाने घेतलेला असतो आणि डोळा अजून दारातच असतो. नर्तकांच्या चित्रणात शटरचा, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणाऱ्या झडपेचा, कोन नेहमीच्या १८० अंशांवरून ४५ पर्यंत खाली आणतात, तेही याच हेतूने: प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा काळ १/४८ वरून १/१९२ सेकंदावर येतो, हालचालीची पुसट शेपटी नाहीशी होते आणि हाताचा फटका काचेसारखा कडक दिसतो.

डोळ्याने ऐकणे म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने दिग्दर्शक मिशेल गोन्ड्री यांचा २००२ मधला ‘स्टार गिटार’ हा व्हिडिओ पाहावा. ‘द केमिकल ब्रदर्स’च्या या गाण्यावर कोणी नाचत नाही, कोणी गात नाही. आगगाडीची खिडकी आहे आणि बाहेर पळणारा प्रदेश आहे: खांब, पूल, गोदामे, टाक्या, समोरून येणारी गाडी. मिनिटभराने लक्षात येते की खांब ठोक्यावर येताहेत. मग कळते की दुसरा ठोका म्हणजे ती विटांची इमारत आहे, आणि गाण्यात नवा आवाज शिरला की प्रदेशात नवी वस्तू शिरते. फ्रान्समधल्या रेल्वेमार्गावर खरोखर प्रवास करून चित्रण केले गेले आणि त्यावर संगणकाने हा सगळा प्रदेश गाण्याच्या मापाने पुन्हा रचला गेला. गोन्ड्री स्वतः ड्रमवादक होते. आपली कल्पना तपासण्यासाठी त्यांनी आधी संत्री, काटेचमचे, पेले, पुस्तके, कॅसेट अशा घरातल्या वस्तू एका ओळीत मांडून प्रत्येक आवाजाला एकेक वस्तू देऊन पाहिली होती.

ही संत्र्यांची ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. कारण गाण्याचे असे घटक वेगळे करून पाहणे ही त्यांची पद्धतच होती. त्याआधी १९९७ मध्ये ‘डाफ्ट पंक’च्या ‘अराउंड द वर्ल्ड’साठी त्यांनी नर्तकांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेक वाद्य दिले: ममी झालेले नर्तक ड्रम मशीनवर, सांगाडे गिटारवर, आणि खर्जातल्या बासच्या सुरावटीबरोबर पायऱ्या चढणारे-उतरणारे धिप्पाड खेळाडू. तो व्हिडिओ पाहिल्यावर गाणे पुन्हा नुसते ऐकले, तेव्हा बासची सुरावट खरोखरच पायऱ्यांसारखी वर जाऊन खाली येते हे मला पहिल्यांदा ऐकू आले. ती तिथे आधीपासून होती. मीच तोवर ती ऐकली नव्हती. गाण्याचा अर्थ सांगणाऱ्या, ‘पाऊस’ शब्दाला पाऊस आणि ‘डोळे’ शब्दाला डोळे दाखवणाऱ्या चित्रणाबद्दल मला जी अढी आहे ती इथून आलेली आहे. शब्द तर कानाला कळलेलेच असतात. चित्राने गाण्यातले ते दाखवावे जे कानाच्या कडेने निसटून गेले आहे.

उजेड, धूर आणि वारा यांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांचे तर्क स्वच्छ आहेत. पाऊस समोरून उजळला तर दिसत नाही, मागून उजळला तर प्रत्येक थेंब सुटा दिसतो. म्हणून गाण्यातल्या पावसामागे नेहमी एक दिवा असतो. धुराने प्रकाशाची तिरीप दिसू लागते आणि रिकाम्या जागेलाही खोली येते. पंख्याने उडणारे केस हे स्थिर उभ्या माणसाला लय देण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. १९९० च्या दशकात दिग्दर्शक हाइप विल्यम्स यांनी फिश-आय भिंगाने चेहरे प्रेक्षकाच्या अंगावर फुगवून आणले, आणि त्यानंतर काही वर्षे ज्याला त्याला तेच भिंग हवे होते. झगझगत्या उघडझाप दिव्यांबद्दल मात्र मी कडक आहे. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी तीव्र उघडझाप काही माणसांना झटका आणू शकते. कुठलाही परिणाम त्या किमतीचा नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला काहीही न करण्याचे धाडस आहे. १९९० मध्ये दिग्दर्शक जॉन मेबरी यांनी गायिका शिनेड ओ’कॉनर यांच्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’चा बहुतेक सगळा व्हिडिओ काळ्या पार्श्वभूमीवरच्या एका चेहऱ्यावर ठेवला, आणि गाता गाता त्या चेहऱ्यावर खरे अश्रू आले. मी सुरुवातीला ज्या कराराबद्दल लिहिले, की गाणे खोटे आहे हे सर्वांना मान्य असते, तो करार तिथे मोडतो. आवाज जुना आहे, मुद्रित आहे, पण अश्रू त्या दिवसाचे आहेत. ओठांना आपल्याच जुन्या आवाजामागे जायचे असते, डोळ्यांना मात्र कोणी प्लेबॅक दिलेला नसतो. २०१६ मध्ये ‘ओके गो’ या गटाने ‘द वन मोमेंट’साठी अवघ्या ४.२ सेकंदांत घडलेल्या स्फोटांची, फुटणाऱ्या फुग्यांची, उडणाऱ्या रंगांची मालिका ताणून जवळजवळ पूर्ण गाण्याइतकी लांब केली. तिच्यामागचे गणित पाहून मी थक्क होते. पण कोणाला एकच व्हिडिओ दाखवायचा झाला तर मी तो चेहराच दाखवेन.

अलीकडे चौकट उभी झाली आहे. चाराला तीन हे रुंदी-उंचीचे प्रमाण गेले, सोळाला नऊ आले, आणि आता नवाला सोळा. गटातले पाच वादक एका ओळीत उभे करण्याची जुनी रचना या अरुंद पट्टीत मावत नाही, म्हणून चेहरा पुन्हा मध्यभागी आला आणि वाद्ये कडेला कापली गेली. याहून मोठा बदल असा की पुष्कळ लोक ही चित्रे आवाज बंद ठेवून पाहतात. गाण्याचे चित्र, गाण्यावाचून. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मला वाईट वाटले होते. मग लक्षात आले की मीही माझे काम आवाज बंद करूनच सुरू करते, आणि चित्र नीट बांधलेले असेल तर मुक्या चेहऱ्यावरूनही लय कळते. त्यामुळे आता संकलन पूर्ण झाले की मी ते एकदा आवाजाशिवाय पाहते. जिथे नजर भरकटते तिथे मी फक्त संगीताच्या जोरावर वेळ मारून नेली होती, असे समजते, आणि तो भाग पुन्हा उघडते.

परवा एक काम पूर्ण होत आले होते. ओठ जुळले होते, समा सापडल्या होत्या, तरी पहिली ओळ कृत्रिम वाटत होती. गायिका काळोखातून एकदम गातानाच समोर येई. मी मूळ टेक पुन्हा काढला आणि पहिल्या शब्दाच्या मागे गेले, जिथे ‘टिक् टिक्’ ठोके वाजत असतात आणि जो भाग सहसा कोणी उघडतही नाही. शेवटच्या ठोक्यानंतर तिने मान किंचित वर केली होती आणि श्वास घेतला होता. खांदे वर आले होते, ओठ अर्धवट विलग झाले होते. पुढे त्याच ओठांना पहिल्या शब्दाच्या ‘म’साठी मिटायचे होते. मी ते ठोके काढून टाकले आणि श्वासाच्या अकरा फ्रेम गाण्याच्या आधी, पूर्ण शांततेत, जोडल्या.